इंग्रजीतला ‘बाय’: कुठे लावायचा, कुठे नाही

‘आय विल सेंड द रिपोर्ट टिल फ्रायडे.’ असं लिहिणारा माणूस हिंजवडीत शोधावा लागत नाही. त्याच्या मनात ‘शुक्रवारपर्यंत रिपोर्ट पाठवतो’ एवढंच असतं. पण लंडनमध्ये बसून ती मेल वाचणाऱ्याला प्रश्न पडतो, की हा गृहस्थ शुक्रवार येईपर्यंत रोज रिपोर्ट पाठवत राहणार आहे की काय? त्या जागी ‘बाय फ्रायडे’ हवं होतं.

‘बाय’ आपल्याला नवा नाही. आपण कात्रज–देहूरोड बायपासला अडकतो, सोसायटीच्या सभेत बायलॉजवरून भांडतो, हॉटेलात सूप ‘वन बाय टू’ मागवतो, पोरांना पाढे ‘बायहार्ट’ करायला लावतो आणि कुणाचा पाय तुडवला की ‘सॉरी, बाय मिस्टेक’ म्हणून मोकळे होतो. तरीही इंग्रजी वाक्य रचताना हा शब्द दगा देतो. कारण साधं आहे. मराठीत हे काम ने, नी, कडून, पर्यंत, जवळ, प्रमाणे आणि ऊन एवढ्या जणांनी वाटून घेतलंय आणि त्यांतला प्रत्येक जण ‘बाय’खेरीज आणखी पाचसहा इंग्रजी शब्दांचीही कामं करतो. म्हणून ‘बाय म्हणजे ने’ असं पाठ करून काहीही साधत नाही. मराठी प्रत्यय त्या वाक्यात नेमकं काय काम करतोय ते आधी विचारायचं आणि मग इंग्रजी शब्द निवडायचा. पुढचा सगळा लेख हे विचारायचं कसं, याबद्दल आहे.

पहिली पायरी: मूळ अर्थ डोक्यात बसवा

जुन्या इंग्रजीत ‘बाय’चा अर्थ ‘जवळ, बाजूला’ असा होता आणि तो आजही जिवंत आहे. ‘शी वॉज सिटिंग बाय द विंडो’ म्हणजे खिडकीपाशी. ‘अ टेंपल बाय द रिव्हर’ म्हणजे नदीकाठचं देऊळ. बिसाइड, बिहाइंड, बिफोर, बिट्वीन या शब्दांच्या सुरुवातीचा ‘बि’ म्हणजे हाच ‘बाय’. ‘बिकॉज’सुद्धा मुळात ‘बाय कॉज’, म्हणजे ‘कारणाने’.

‘निअर’ आणि ‘बाय’ यांत अंतराचा फरक आहे. देहू पुण्याच्या ‘निअर’ आहे. ‘बाय पुणे’ म्हणता येत नाही. ‘बाय’ म्हणजे अगदी लगत, हात लांबवला तर लागेल असं.

लगत असलेल्या गोष्टीच्या बाजूने निघून जाणं हा पुढचा अर्थ. ‘ही वॉक्ड बाय अस विदाउट अ वर्ड’ म्हणजे आमच्या शेजारून गेला, पण एक शब्द बोलला नाही. बायपास गावाच्या बाजूने जातो, हृदयाची बायपास शस्त्रक्रिया तुंबलेल्या रक्तवाहिनीला वळसा घालते, रस्त्याने येणारेजाणारे ‘पासर्स-बाय’. या शेवटच्या शब्दाचं अनेकवचन नीट पाहा. ‘स’ मध्ये लागतो. ‘पासरबाइज’ असा शब्द नाही.

बायलॉजचा ‘बाय’ मात्र वेगळ्या घराण्यातला. इंग्लंडमध्ये येऊन राहिलेल्या नॉर्स लोकांच्या भाषेत ‘बी’ म्हणजे गाव, आणि बायलॉ म्हणजे गावापुरता कायदा. डर्बी, व्हिटबी, ग्रिम्सबी या गावांच्या नावांच्या शेवटी तोच ‘बी’ बसलाय. सोसायटीच्या सेक्रेटरीला हे सांगून बघा. पार्किंग मिळणार नाही, पण सभा जरा बरी जाईल.

दुसरी पायरी: ‘पर्यंत’ फोडा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या, कारण नोकरीत, फॉर्म भरताना आणि लोकांना वेळा देताना खरं नुकसान इथेच होतं.

मराठीत ‘चारपर्यंत बंद’ आणि ‘चारपर्यंत ये’ या दोन्हींना एकच ‘पर्यंत’ चालतो. इंग्रजीत चालत नाही. क्रियापदाला एक प्रश्न विचारा: ही क्रिया त्या वेळेपर्यंत चालूच राहणार आहे, की त्या वेळेच्या आत कधीतरी एकदाच उरकणार आहे?

चालू राहणार असेल तर ‘टिल’ किंवा ‘अंटिल’. थांबणं, झोपणं, राहणं, काम करत असणं, उघडं किंवा बंद असणं ही अशी क्रियापदं. पुण्यातली एक ते चार विश्रांती घेणारी दुकानं आठवा: ‘द शॉप इज क्लोज्ड टिल फोर.’ बंद असणं ही अवस्था आहे, ती चारला संपते.

एकदाच उरकणार असेल तर ‘बाय’. पाठवणं, पोचणं, पैसे भरणं, परत करणं, संपवणं. ‘आय विल रिटर्न युअर लॅडर बाय फोर.’ शिडी साडेतीनला येईल, पावणेचारला येईल किंवा बरोबर चारला येईल, पण चार उलटणार नाहीत.

हाच फरक इतिहासाच्या वाक्यांत आणखी स्वच्छ दिसतो. ‘शनिवारवाडा वॉज द सीट ऑफ द पेशवाज टिल १८१८.’ सत्ताकेंद्र असणं ही अवस्था १८१८ पर्यंत चालली. ‘बाय १८१८, पेशवा रूल हॅड एंडेड.’ संपणं ही एकदाच घडणारी गोष्ट आणि १८१८ उजाडून संपेतो ती घडून गेली होती. साल एकच, राज्य एकच. पहिल्या वाक्यात नजर लांबलेल्या काळावर आहे, दुसऱ्यात हिशेब मांडायच्या क्षणावर.

सरकारी कचेरीच्या फलकावर हे दोन्ही शब्द एकाच तारखेला लागू शकतात. कचेरी म्हणते, ‘ॲप्लिकेशन्स विल बी ॲक्सेप्टेड टिल ३१ मार्च’, कारण स्वीकारण्याचं काम रोज चालू आहे. तुम्ही घरी सांगता, ‘आय मस्ट सबमिट माय ॲप्लिकेशन बाय ३१ मार्च’, कारण तुमचा अर्ज एकदाच जाणार. खिडकीच्या आतल्याचा ‘टिल’, बाहेरच्याचा ‘बाय’. हे एक उदाहरण पक्कं बसलं तर या पायरीचं बहुतेक काम झालं.

आता नकार. इथे चांगले चांगले घसरतात. ‘तो पाचपर्यंत आला नाही’ या मराठी वाक्याचे दोन अर्थ निघतात. ‘ही डिडंट कम टिल फाइव्ह’ म्हणजे पाचला आला, त्याआधी पत्ता नव्हता. ‘ही हॅडंट कम बाय फाइव्ह’ म्हणजे पाचला पाहिलं तेव्हा तो आलेला नव्हता. पुढे आला की नाही, हे वाक्य सांगत नाही. मराठीत हा फरक आपण आवाजाने किंवा ‘तोपर्यंत काही आला नव्हता’ अशी भर घालून दाखवतो. इंग्रजीत तो या दोन शब्दांवर आणि क्रियापदाच्या काळावर टांगलेला असतो. तसंच ‘डोंट पे टिल द वर्क इज डन’. पैसे देणं एरवी एकदाच उरकणारी क्रिया, पण ‘न देणं’ ही चालू राहणारी अवस्था, म्हणून ‘टिल’. घराचं रंगकाम करून घेणाऱ्यांनी हे वाक्य इंग्रजीत नाही तर मराठीत तरी लक्षात ठेवावं.

‘बाय’सोबत क्रियापदाचा काळही जमवावा लागतो. भविष्यात साधं ‘विल फिनिश बाय सिक्स’ चालतं. तोवर सगळं आटोपलेलं असेल यावर जोर द्यायचा तर ‘विल हॅव फिनिश्ड बाय सिक्स’. भूतकाळात ‘हॅड’ लागतो: ‘बाय द टाइम वी रीच्ड स्वारगेट, द बस हॅड लेफ्ट.’ आणि ‘बाय द टाइम’च्या लगेच नंतर ‘विल’ घालायचा नाही. ‘बाय द टाइम यू विल कम’ हे ‘तू येशील तोवर’चं शब्दशः भाषांतर झालं. इंग्रजी म्हणतं, ‘बाय द टाइम यू कम’.

‘एव्हाना’ या शब्दासाठी इंग्रजीत ‘बाय नाउ’ आहे, आणि दोन भाषांमधल्या इतक्या नेमक्या जोड्या फार सापडत नाहीत. ‘ते एव्हाना लोणावळ्याला पोचले असतील’ म्हणजे ‘दे मस्ट हॅव रीच्ड लोणावळा बाय नाउ’. भूतकाळातल्या ‘तोवर’साठी ‘बाय देन’.

तीन बारीक गोष्टी भराभर सांगतो. ‘बाय फ्रायडे’त शुक्रवार धरलेला असतो, ‘बिफोर फ्रायडे’त धरलेला नसतो. शुक्रवारी किती वाजता यावरून वाद होऊ शकतो, म्हणून कामाच्या मेलमध्ये ‘बाय फाइव्ह पीएम ऑन फ्रायडे’ असं लिहा आणि माणूस परदेशात असेल तर कुठल्या देशाचे पाच तेही लिहा. नुसत्या ‘बाय ईओडी’वर, म्हणजे ‘बाय एंड ऑफ डे’वर, विसंबू नका; त्यांचा दिवस संपतो तेव्हा आपली मध्यरात्र उलटलेली असू शकते. दुसरी गोष्ट, ‘दोन तासांत’साठी ‘बाय टू अवर्स’ होत नाही. ‘बाय’ला घड्याळातली किंवा कॅलेंडरातली खूण लागते, कालावधी असेल तर ‘इन’ किंवा ‘विदिन टू अवर्स’. तिसरी, ‘बाय व्हेन?’ म्हणजे ‘कधीपर्यंत देणार?’ आणि ‘टिल व्हेन?’ म्हणजे ‘कधीपर्यंत चालणार?’. उलटे विचारलेत तर उत्तरही उलटंच येईल.

‘टिल’ हा ‘अंटिल’चा संक्षेप आहे असा एक समज आहे. तसं नाही. ‘टिल’ हाच दोघांत जुना. त्याच्या डोक्यावर चिन्ह देऊन तो एका एलने लिहायची गरज नाही.

राहता राहिला जागेचा ‘पर्यंत’. ‘मी स्वारगेटपर्यंत चालत गेलो’ याला आपल्याकडे सर्रास ‘टिल स्वारगेट’ म्हणतात आणि इथल्या इथे ते चालूनही जातं. प्रमाण इंग्रजीत ‘टिल’ काळासाठी राखलेला आहे. जागेसाठी ‘टू’ किंवा ‘ॲज फार ॲज’. रकमेसाठी ‘अप टू’: ‘अप टू फाइव्ह हंड्रेड रुपीज’. ‘बाय’ यांत कुठेच येत नाही.

तिसरी पायरी: ‘ने’ला प्रश्न विचारा

शाळेत आपण ‘ने, ए, शी’ घोकत तृतीया शिकलो. ती एकटी इंग्रजीतली किती दारं उघडते पाहा.

आधी कर्त्याचा ‘ने’. ‘पोलिसांनी चोराला पकडलं’ या वाक्यात ‘नी’ आहे म्हणून इंग्रजीत ‘बाय’ येईल असं नाही. हा ‘नी’ मराठी भूतकाळाची रीत आहे आणि इंग्रजी वाक्य सरळ होतं: ‘द पोलीस कॉट द थीफ.’ ‘बाय’ केव्हा येतो, तर ज्याच्यावर क्रिया झाली ते तुम्ही वाक्याच्या सुरुवातीला आणलंत तरच. ‘द थीफ वॉज कॉट बाय द पोलीस.’ असं आणायला कारण हवं. बोलणं चोराबद्दल चाललं असेल, वाड्याबद्दल चाललं असेल, तर ते कारण. ‘शनिवारवाडा वॉज बिल्ट बाय बाजीराव द फर्स्ट अँड वॉज डिस्ट्रॉइड बाय फायर इन १८२८.’ विषय वाडा आहे, म्हणून तो पुढे. ‘फर्ग्युसन कॉलेज वॉज फाउंडेड बाय द डेक्कन एज्युकेशन सोसायटी इन १८८५.’ इथेही तसंच. कारण नसताना ‘द वर्क वॉज डन बाय मी’ लिहिलंत, तर ते पोलिसांना दिलेल्या जबाबासारखं वाटतं. ‘आय डिड द वर्क’ पुरे.

त्यातही ‘माझ्याकडून’ फार फसवं. ‘माझ्याकडून चूक झाली’ हे मराठीतलं नम्र, सोयीचं वाक्य आहे. त्यात चूक जणू आपली आपण घडते. इंग्रजीत ‘मिस्टेक हॅपन्ड बाय मी’ होत नाही. ‘आय मेड अ मिस्टेक’ म्हणावं लागतं. ‘माझ्याकडून आता जिने चढवत नाहीत’ म्हणजे ‘आय कांट मॅनेज द स्टेअर्स एनी मोअर’. आणि वस्तू कुणाकडून तरी आली असेल तर ‘फ्रॉम’: ‘अ लेटर फ्रॉम माय आत्या’. पण लेखक सांगायचा असेल तर ‘बाय’: ‘अ पोएम बाय केशवसुत’. वर्तमानपत्रात बातमीवर ज्या ओळीत बातमीदाराचं नाव छापतात तिला बायलाइन म्हणतात, ती यावरूनच.

आता साधनाचा ‘ने’. सुरीने कापलं, पेनाने लिहिलं, दोरीने बांधलं. हातात धरलेलं हत्यार असेल तर ‘विथ’: ‘आय कट इट विथ अ नाइफ’. मग ‘बाय’ आणि ‘विथ’ यांत निवडायचं कसं? ‘द विंडो वॉज ब्रोकन बाय अ ब्रांच’ म्हणजे वादळात फांदी पडून काच फुटली. ‘द विंडो वॉज ब्रोकन विथ अ ब्रांच’ म्हणजे कुणीतरी फांदी हातात घेऊन काच फोडली. एका शब्दाच्या फरकाने प्रकरण विमा कंपनीकडून पोलीस चौकीत जातं. वस्तूमागे माणूस आहे का, हा प्रश्न विचारा. असेल तर वस्तूला ‘विथ’. नसेल आणि वस्तूनेच ते केलं असेल तर ‘बाय’.

हातात न धरता येणारी रीत सांगायची तर मात्र ‘बाय’, आणि मग नामापुढे काहीही लावायचं नाही, ना ‘अ’, ना ‘द’, ना ‘माय’. बाय पोस्ट, बाय ईमेल, बाय हँड, बाय चेक. रोख पैसे दिले तर ‘इन कॅश’. ‘बाय कॅश’ दुकानात ऐकू येतं, पण लिहिताना टाळा.

प्रवासाला हाच नियम. बाय बस, बाय रिक्षा, बाय मेट्रो, बाय ट्रेन. नामाला काही चिकटलं की ‘बाय’ बाजूला होतो आणि ‘इन’ किंवा ‘ऑन’ पुढे येतो: ‘इन माय कार’, ‘इन अ रिक्षा’, पण ‘ऑन द बस’, ‘ऑन माय स्कूटर’, ‘ऑन द डेक्कन क्वीन’. बसून घ्यायची लहान बंदिस्त वाहनं ‘इन’. ज्यात उभं राहून फिरता येतं किंवा ज्यावर टांग टाकावी लागते ती ‘ऑन’. दुचाकींच्या या शहरात ‘बाय माय टू-व्हीलर’ इतकं ऐकू येतं की ते खरंच बरोबर वाटायला लागतं. नाही. ‘बाय टू-व्हीलर’ किंवा ‘ऑन माय टू-व्हीलर’. आणि ‘आय केम बाय वॉक’ हे तर आपलंच खास अपत्य. ‘ऑन फुट’ म्हणा, नाहीतर सरळ ‘आय वॉक्ड’.

उरलेले ‘ने’ थोडक्यात उरकता येतात. भीतीने थरथरला, तापाने फणफणला: ‘विथ’. मधुमेहाने त्रस्त: ‘सफरिंग फ्रॉम’. तासाभराने आला: ‘ॲन अवर लेटर’. नाइलाजाने गेला: ‘रिलक्टंटली’. पण जन्माने, पेशाने, स्वभावाने, नावाने हे चारही ‘बाय’: बाय बर्थ, बाय प्रोफेशन, बाय नेचर, बाय नेम. ‘ही इज ॲन इंजिनिअर बाय प्रोफेशन अँड अ क्रिटिक बाय नेचर’ हे वाक्य पुण्यात फार ठिकाणी बसेल.

काही शब्द ‘बाय’ची अपेक्षा निर्माण करतात आणि दुसऱ्याचाच हात धरतात. ‘सर्वांना ठाऊक’ म्हणजे ‘नोन टू एव्हरीवन’. ‘तिच्याशी लग्न झालं’ म्हणजे ‘मॅरीड टू’. ‘भरलेलं’ असेल तर ‘फिल्ड विथ’, ‘लाकडाचं केलेलं’ असेल तर ‘मेड ऑफ वुड’. हे असेच लक्षात ठेवावे लागतात, त्यांना नियम नाही.

चौथी पायरी: ‘ऊन’ दोन प्रकारचा आहे हे ओळखा

‘ती रेडिओ ऐकून इंग्रजी शिकली’ हे ‘शी लर्न्ट इंग्लिश बाय लिसनिंग टू द रेडिओ’ असं होतं, आणि बरोबर होतं. मग विद्यार्थ्याला धीर येतो आणि तो ‘काका जेवून गेले’चं ‘काका वेंट बाय ईटिंग’ करतो. म्हणजे जेवण हे काकांचं वाहन झालं.

‘ऊन’ मराठीत रीतही सांगतो आणि क्रमही. ‘कसं?’ हा प्रश्न लावा. इंग्रजी कसं शिकली? रेडिओ ऐकून. उत्तर बसलं, ‘बाय’ लावा. काका कसे गेले? जेवून? बसत नाही. इथे आधी जेवले, मग गेले: ‘काका एट अँड लेफ्ट’ किंवा ‘लेफ्ट आफ्टर ईटिंग’. ‘दार उघडून आत गेला’: कसा गेला म्हटलं तर दोन्हीकडे झुकतं, तरी हा क्रमच आहे, कारण दार उघडणं म्हणजे आत जाणं नव्हे. ‘बटण दाबून मशीन सुरू करा’: दाबण्यानेच ते सुरू होतं, म्हणून ‘स्टार्ट द मशीन बाय प्रेसिंग द बटन’. पहिल्या क्रियेतच दुसरी घडत असेल तर ‘बाय’.

‘बाय’नंतर क्रियापदाचं ‘इंग’ रूपच येतं. ‘बाय टू लिसन’ कधीच नाही.

पाचवी पायरी: मंडईतला आणि मोजमापाचा ‘बाय’

महात्मा फुले मंडई १८८६ मध्ये उभी राहिली तेव्हा तिचं नाव रे मार्केट होतं. तिथल्या भावाची भाषा इंग्रजीत सांगायची तर ‘बाय’शिवाय चालत नाही. ‘मँगोज आर सोल्ड बाय द डझन’, ‘पोटॅटोज बाय द किलो’. इथे ‘द’ हवाच, कारण एकक सांगतोय. पण ‘सोल्ड बाय वेट’, म्हणजे वजनावर, यात ‘द’ नाही. वेट हे एकक नव्हे. रोजंदारी म्हणजे ‘पेड बाय द डे’. ‘बाय डे’ म्हटलंत तर अर्थ बदलून ‘दिवसा’ होतो: ‘क्लार्क बाय डे, तबला प्लेअर बाय नाइट’.

भाव वाढला की ‘बाय’ आणि ‘टू’ यांत पैशांचा फरक पडतो. डोसा ८० रुपयांचा होता, आता ९० झाला. ‘द प्राइस वेंट अप बाय टेन रुपीज’ किंवा ‘वेंट अप टू नाइंटी’. वाढ किती हे ‘बाय’ सांगतो, पोचली कुठे हे ‘टू’ सांगतो. पगारवाढीच्या पत्रात हे दोन शब्द आधी शोधा, मग पेढे आणा. सामन्यातला फरकही ‘बाय’ने मोजतात: ‘वन बाय सिक्स विकेट्स’. बस दोन मिनिटांनी चुकली तर ‘आय मिस्ड द बस बाय टू मिनिट्स’.

खोलीचं माप ‘टेन बाय ट्वेल्व’ हे जगभर तसंच. भागाकारही: ‘ट्वेंटी डिव्हायडेड बाय फाइव्ह’. पण तिरप्या रेघेला ‘बाय’ म्हणायची आपली सवय बाहेर नेऊ नका. पाऊण म्हणजे ‘थ्री क्वार्टर्स’. ‘थ्री बाय फोर’ ऐकून अमेरिकन माणूस लाकडाच्या फळीचं माप समजेल. सर्व्हे नंबरातली रेघ सांगताना ‘स्लॅश’ म्हणा. आणि औषधाच्या दुकानावरचं ‘ट्वेंटी फोर बाय सेव्हन’ इतरत्र नुसतं ‘ट्वेंटी-फोर सेव्हन’ असतं.

सहावी पायरी: ठरलेल्या जोड्या

यांचं विश्लेषण करू नका, जशाच्या तशा वापरा. ‘बाय चान्स’ योगायोगाने. ‘डू यू, बाय एनी चान्स, हॅव अ पेन?’ यात योगायोग वगैरे काही नाही, फक्त अदब आहे. ‘बाय ऑल मीन्स’ म्हणजे ‘अवश्य’. ‘सर्व मार्गांनी’ असा अर्थ लावून लोक चुकतात. ‘बाय नो मीन्स’ म्हणजे मुळीच नाही. ‘बाय अँड लार्ज’ म्हणजे एकंदरीत, हा शिडाच्या जहाजांवरच्या खलाशांच्या बोलीतून आला. ‘वन बाय वन’, ‘डे बाय डे’, ‘लिटिल बाय लिटिल’ हे एकेक, दिवसेंदिवस, हळूहळू. ‘बाय माय वॉच’ माझ्या घड्याळाप्रमाणे. ‘बाय मायसेल्फ’ एकट्याने किंवा स्वतःच्या बळावर. ‘बाय सेल्फ’ असा प्रयोग नाही.

‘बाय हार्ट’ला क्रियापद करू नका. ‘आय बाय-हार्टेड द पोएम’ हे आपल्या शाळांबाहेर कुणाला कळत नाही. ‘आय लर्न्ट द पोएम बाय हार्ट’ असं म्हणा.

लिहिताना तीन स्पेलिंगं सांभाळा, कारण उच्चार तिन्हींचा सारखाच आहे. आपला शब्द बी-वाय. बी-यू-वाय म्हणजे विकत घेणं. बी-वाय-ई म्हणजे निरोपाचा बाय आणि क्रिकेटमधली बाय. पोटनिवडणूक मात्र दोन्ही प्रकारे लिहिलेली दिसते. २०२३ च्या कसबा पेठेच्या निवडणुकीच्या इंग्रजी बातम्यांत काही जण ‘ई’ घालत होते, काही घालत नव्हते. दोन्ही चालतं, पण एका लेखात एकच ठेवा.

सराव

आधी तुमच्या पाठवलेल्या मेलमध्ये ‘टिल’ शोधा. जिथे सापडेल तिथे दुसऱ्या पायरीचा प्रश्न विचारा. मग खालची वाक्यं उत्तरं झाकून इंग्रजीत करा.

प्लंबर चारपर्यंत येईल. मी चारपर्यंत घरी आहे. भाडं दोन हजारांनी वाढलं. ती माझ्या स्कूटरने गेली. तो चहा पिऊन गेला. पत्रं वाचून त्याने पुस्तक लिहिलं. आपण एव्हाना पोचायला हवं होतं. पाणी सहापर्यंत येणार नाही.

उत्तरं अशी. ‘द प्लंबर विल कम बाय फोर.’ ‘आय ॲम ॲट होम टिल फोर.’ ‘द रेंट वेंट अप बाय टू थाउजंड.’ ‘शी वेंट ऑन माय स्कूटर.’ ‘ही हॅड टी अँड लेफ्ट.’ पत्रांचं वाक्य दोन्हीकडे जाईल: पत्रांतूनच पुस्तक उभं राहिलं असेल तर ‘बाय रीडिंग’, आधी वाचली आणि मग लिहायला बसला असेल तर ‘आफ्टर रीडिंग’. ‘वी शुड हॅव रीच्ड बाय नाउ.’

शेवटचं वाक्य पाणी बंद असलेल्या दिवशी सोसायटीच्या ग्रुपवर टाकायचं असेल तर आधी वॉचमनला विचारा. पाणी सहाला नक्की येणार असेल तर ‘देअर विल बी नो वॉटर टिल सिक्स’. सहापर्यंत यायची आशा नाही आणि पुढचं सांगता येत नसेल तर ‘द वॉटर वोंट बी बॅक बाय सिक्स’. पहिला निरोप वाचणारा सहाला बादली लावेल. दुसरा वाचणारा टँकरला फोन करेल.